मिस्त्री म्हणत्यात

कासुर्डीच्या ज्ञानेशला एक घाणेरडी खोड होती. दुकानाच्या दारात पिकअप उभी केली की कुणी बाहेर आल्याशिवाय हा गडी खाली उतरायचाच नाही. आत बसूनच हॉर्न दाबायचा. हॉर्नही साधा नाही, कुठल्याशा ट्रकचा काढून बसवलेला. तो वाजला की समोर गेणबाच्या टपरीवर कुणाचा तरी चहा सांडायचा, आणि इकडे अंजनाचं काम दचकून थांबायचं. "आली गं बया स्वारी!" असं पुटपुटत ती बफिंगचं मशीन बंद करायची, तोंडावरचा फडका सोडायची, हात पुसायची आणि मघापासून आत भांडीच घासत होते असा चेहरा करून पडद्याबाहेर यायची.

हे सोंग कशापायी, ते आधी सांगायला पाहिजे.

शिरूरच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत 'चांगदेव बफिंग वर्क्स' नावाचं एका शटरचं दुकान आहे. गाड्यांचे बंपर, दाराच्या मुठी, अंगावरच्या चकचकीत पट्ट्या, असलं काही वाकलं, चेपलं, काळं पडलं की ते सरळ करायचं आणि घासून पुन्हा झळकवायचं, एवढाच धंदा. हल्लीच्या गाड्यांना बाहेरून असतंय काय? सगळं प्लास्टिक. फुटलं की फेका आणि नवं लावा. पण जुनी फियाट, जुनी अ‍ॅम्बॅसिडर जपणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांच्या गाड्यांच्या पट्ट्या आता मागूनही मिळत नाहीत. आहे तीच नीट करायची. आणि ते काम पुण्यापासून नगरपर्यंत करावं तर चांगदेव मिस्त्रीनंच, असं लोक म्हणायचे. अजूनही म्हणतात. सगळी बोंब तिथंच आहे.

कारण चांगदेव मिस्त्री गेली सहा वर्षं खाटेवर पडून आहे.

एका सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. पुण्याला तीन आठवडे दवाखान्यात काढून घरी आणला, तेव्हा त्याच्यापाशी दोनच शब्द उरले होते. एक 'व्हय' आणि दुसरा 'च्यायला'. डॉक्टर म्हणाले, बाकीचे हळूहळू येतील. सहा वर्षं झाली, एकही आला नाही.

अंजना दौंडची. रेल्वे लायनीकडच्या वस्तीत वाढलेली, बाप गँगमन. लोखंड उन्हात वाढतं आणि थंडीत आखडतं, हे तिला शाळेत जायच्या आधी बापानं रुळावर बसवून शिकवलं होतं. लग्न होऊन शिरूरला आली ती भाकरी थापायला. पण दुसऱ्याच महिन्यात चांगदेवनं हाक मारली, "ए, जरा हिचं दुसरं टोक धर." चार-पाच फुटांची पट्टी एकट्या माणसाला बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरता येत नाही. थरथरते, हातातून निसटते, भिंतीवर जाऊन आपटते. म्हणून एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या. असं बावीस वर्षं चाललं. बावीस वर्षांत माणसाला पट्टीची दोन्ही टोकं कळतात. कुठं दाबायचं, कुठं नुसतं टेकवायचं, कुठं सोडून द्यायचं, हे तिला कुणी सांगितलं नाही, ते दंडातून आपोआप वर आलं.

चांगदेव पडला तेव्हा तिनं ठरवलं की दुकान बंद करायचं नाही. दुसरं टोक धरायला एक लोखंडी घोडी करून घेतली, तिला जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि मशीन चालू केलं. पहिलंच गिऱ्हाईक आलं ट्रकवाला. बंपर घेऊन आला, तिला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाला, "मिस्त्री कुठंयत?"

"मला द्या. मी करते."

"बाईमाणूस काय बंपर सरळ करणार, मावशी? मिस्त्रींना बोलवा." असं म्हणून त्यानं बंपर पुन्हा खांद्यावर घेतला.

अंजनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुकानात दुसरं काम नव्हतं, आणि ट्रकवाला पायरी उतरत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "थांबा. मिस्त्री आत हायत. इचारून येते."

दुकानाच्या मधोमध जुन्या साडीचा पडदा होता. अलीकडे गिऱ्हाईक, पलीकडे मशीन आणि चांगदेवची खाट. ती आत गेली. चांगदेव छताकडे बघत पडला होता. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत मनात वीस आकडे मोजले आणि बाहेर येऊन म्हणाली, "मिस्त्री म्हणत्यात, मंगळवारी या. एक चेप खोल हाय, तिथं पितळ भरावं लागंल."

"हां! आता कसं?" ट्रकवाल्यानं बंपर खाली ठेवला. "मिस्त्री बोलला म्हंजी बोलला."

त्या दिवसापासून हे सोंग लागलं मागं. कुणी काही विचारलं की पडद्याआड जायचं, वीस मोजायचे, बाहेर यायचं आणि 'मिस्त्री म्हणत्यात' म्हणून स्वतःचंच उत्तर सांगायचं. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण गल्लीतलं कुणी बोलायचं नाही. बाहेरच्यांना सांगायचं की मिस्त्रींचे गुडघे धरलेत, चालवत नाही, बसल्या जागी काम करतात. जयंतीच्या मिरवणुकीतल्या रथाचा पितळी कठडा दर वर्षी चांगदेव घासून द्यायचा, आता ती घासते. आणि मंडळवाले ठाऊक असूनसुद्धा माईकवरून आभार कुणाचे मानतात? चांगदेव मिस्त्रींचे. ती बायकांच्या रांगेत बसून टाळ्या वाजवते. पॉलिशनं काळ्या पडलेल्या तळहातांनी!

कुणी कामाची तारीफ केली की पडद्याआड चांगदेव डाव्या हाताची बोटं खाटेच्या लोखंडावर वाजवायचा. खूश व्हायचा. त्याला खूश बघून अंजनाला बरं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी आत कुठंतरी जळजळायचं. खरं सांगायचं तर तिला त्याचा हेवा वाटायचा. खाटेवर पडलेल्या माणसाचा हेवा! स्वतःचीच लाज वाटून ती मग मशीनवर दुप्पट जोर काढायची.

त्यात त्याचं ते 'व्हय'. सुरुवातीला बरं होतं. आतून बाप्याचा आवाज आला की गिऱ्हाइकाची खात्री पटायची. पण चांगदेवला कुठं बोलावं याचा पोच राहिला नव्हता. गिऱ्हाईक म्हणणार, "दोन दिवसांत द्याल का?" आणि ही तोंड उघडायच्या आत आतून ठणठणीत, "व्हय!" झालं. मग हिनं हात मोडेस्तोवर घासत बसायचं.

ज्ञानेशच्या कामाचंही तसंच झालं.

ज्ञानेश झेंडू-शेवंतीवाला. कासुर्डीला फुलांचे मळे, आणि घरात त्याच्या वडिलांची, आण्णांची, जुनी फियाट. आण्णांच्या घरातली पोरगी सासरी जाणार ती त्या फियाटमधूनच, असा त्यांचा शिरस्ता. दोन थोरल्या अशाच गेल्या. आता धाकटी पिंकी राहिली होती आणि तिचं लग्न बारा दिवसांवर, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी, दौंडला होतं. नेमकी पंधरा दिवसांपूर्वी पाटसच्या अलीकडे उसाच्या ट्रॉलीनं फियाटची डावी बाजू घासून काढली. पत्रा गावातल्या गॅरेजवाल्यानं ठोकून दिला, रंगही दिला. पण डाव्या अंगाच्या चार पट्ट्यांची पार वाट लागली होती. पुण्यात त्याला सांगितलं, नाही मिळणार, चिकटपट्टीसारखी चकचकीत प्लास्टिकची येते ती लावा. आण्णांनी ते ऐकून दोन दिवस जेवण सोडलं. मग त्यांनाच आठवलं की फार वर्षांपूर्वी याच गाडीचे बंपर शिरूरच्या चांगदेव मिस्त्रीनं केले होते. म्हणून ज्ञानेश चौफुला, न्हावरं करत पट्ट्या घेऊन आला.

अंजनानं पट्ट्या बघितल्या आणि कपाळावर हात मारला. उसाच्या ट्रॉलीनं केलं ते कमीच होतं. ज्ञानेशची आई दर खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून या पट्ट्या चुलीतल्या राखेनं तांब्या घासल्यासारख्या घासत आली होती. अ‍ॅल्युमिनियमला राख! वरचा तुकतुकीत थर सगळा खाऊन टाकलेला. वरातीला हार बांधायच्या तारांनी जागोजागी चरे पाडलेले. आणि कुठल्या तरी दिवट्यानं, आतल्या क्लिपा तुटल्या म्हणून, सरळ पट्टीला भोकं पाडून स्क्रू मारलेले.

"राखेनं कुणी घासतं का हो, दादा?"

"आई म्हणती, लक्षुमीला लख्ख ठिवावं."

आता यावर बोलायचं काय?

"आण्णांनी एकच सांगितलंय, मावशी," ज्ञानेश म्हणाला. "हात लावायचा तर मिस्त्रींनीच. तुमी नुसतं घ्या-द्यायचं बघा. पट्टी दुसरी मिळायची न्हाई. बिगाडली तर पिंकीच्या लग्नात फियाट निघणार न्हाई, आन् फियाट न्हाई निघाली तर आण्णाबी न्हाईत निघणार. हट्टी हाय म्हातारं. इचारा मिस्त्रींना, सोमवारपतूर देतील का चारी?"

सोमवारपर्यंत म्हणजे सहा दिवस. अंजना 'त्यापुढच्या गुरुवारी न्या' म्हणणार होती, लग्नाच्या तीन दिवस आधी. तेवढ्यात आतून आवाज आला, "व्हय!"

ज्ञानेश खूश. हात जोडून पडद्याला नमस्कार करून गेला. अंजना तडक आत शिरली. "अवो, तुमास्नी काय जातंय व्हय म्हनाया? हात माझं मोडत्यात! राखेनं खाल्लेल्या चार पट्ट्या हायत, दिसत्यात का?"

"व्हय," चांगदेव म्हणाला आणि अर्ध्या तोंडानं हसला. ती चिडली होती तरी तिला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी चीड आली.

तीन पट्ट्या झाल्या. हाताच्या शिरा टराटरा फुगल्या, पण झाल्या. भोकं भरली, चरे काढले, पॉलिशपेपरचे तीन नंबर फिरवून बफवर धरल्या, तेव्हा अंगावर उजेड ओतल्यासारख्या चमकल्या. ज्ञानेश मधे दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळा हॉर्न, दोन्ही वेळा धावपळ. दुसऱ्या खेपेला तर पट्टीवरून बोट फिरवत तो हळवा होऊन म्हणाला, "काय हात हाय मिस्त्रींचा! देवमाणूस. तुमी नशीबवान, मावशी." पडद्याआड बोटं वाजली. अंजनानं "व्हय ना" म्हटलं, आणि तो गेल्यावर पाण्याचा तांब्या इतक्या जोरात आदळला की त्याला चेप आला.

राहिली चौथी. पुढच्या दाराची, सगळ्यात लांब, आणि ट्रॉलीचा खरा दणका तिलाच बसलेला. मधोमध खोल चेप होता. ती नुसती ठोकून सरळ करायला जावं तर चिरते. आधी तापवून मऊ करावी लागते, मग आतून लाकडी गुटक्यानं हळूहळू चेप बाहेर काढायचा. पण अ‍ॅल्युमिनियम तापवणं म्हणजे जिवाशी खेळ. लोखंड लाल होऊन सांगतं तरी. हे काहीच सांगत नाही. मुकाट्यानं तापतं आणि एकदम वितळून बसतं. म्हणून चांगदेवची एक रीत होती. पट्टीवर कपड्याच्या साबणानं रेघ ओढायची आणि खालून गॅसची बत्ती फिरवायची. रेघ आधी पांढरी, मग पिवळट, मग चहाच्या रंगाची. चहाचा रंग आला की बत्ती बाजूला. काळी पडू द्यायची नाही. काळी पडली की पट्टी गेलीच म्हणायची.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला अंजनानं चौथी पट्टी घोडीवर ठेवली. ज्ञानेश संध्याकाळी येणार होता. खाटेवर चांगदेव उशाला दोन उशा घेऊन बघत होता. हे काम असलं की तो डोळा हलवायचा नाही. तिनं रेघ ओढली, बत्ती पेटवली. रेघ पिवळी झाली. कडेनं तांबूस व्हायला लागली.

आणि हॉर्न वाजला.

हा आत्ता कसा आला? बत्तीचा फर्र आवाज बाहेर जातोय. हा उतरून आत आला, पडदा बाजूला केला, तर? ती बत्ती धरून पडद्याकडे बघत राहिली, बाहेरच्या पायांचा कानोसा घेत.

"व्हय!" चांगदेव ओरडला.

"थांबा वो," ती पुटपुटली. "अजून त्यानं काय इचारलंबी न्हाई."

"व्हय! व्हय! व्हय!" तो डाव्या हातानं खाटेवर बुक्क्या मारायला लागला. तोंड लालबुंद, डोळे पट्टीवर. तेव्हा कुठं तिनं मान वळवली.

रेघ काळीकुट्ट झाली होती. तिच्या डोळ्यांसमोर पट्टीचा मधला चार बोटांचा भाग थरथरला आणि मेणासारखा खाली बसला.

तिनं बत्ती विझवली. ओरडावं, रडावं, काही सुचेना. चांगदेवकडे बघितलं तर तो डोळे मिटून पडला होता आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढी ओरड करून त्यानं सांगितलं, पण सांगायला त्याच्यापाशी शब्द होता एकच, आणि तोही उलटा. आणि सहा वर्षं त्या शब्दाला फाटा द्यायची तिलाच सवय लागलेली.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी लांबलचक.

पट्टी गार झाली होती. लपवून काय होणार होतं? तिनं ती फडक्यात धरली आणि बाहेर आली. आज ज्ञानेश तिची वाट न बघता गाडीतून उतरून पायरीपर्यंत आला होता. "इकडं मार्केटयार्डात काम निघालं, म्हनलं घिऊनच जावं..." बोलता बोलता त्याची नजर पट्टीवर गेली. चेहरा उतरला. त्यानं पट्टी हातात घेतली, उलटसुलट केली, त्या बसलेल्या जागेवर अंगठा फिरवला.

"हे काय झालं, मावशी?"

अंजनानं हातातल्या फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

ज्ञानेशनं पट्टी काउंटरवर ठेवली, खिशातून फोन काढला आणि आण्णांना लावला. हात भरले म्हणून की राग आला म्हणून कुणास ठाऊक, फोन मोठ्या आवाजावर टाकला. "आण्णा, पुढच्या दाराची पट्टी गेली. वितळली. मिस्त्रींच्या हातनं जळली."

अंजनाला वाटलं, आता शिव्या येणार. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. आण्णांचा थकलेला, समजूतदार आवाज आला, "जाऊ दे, लेकरा. वय झालं आसंल चांगदेवचं. मानसाचा हात कवातरी जातोच. त्याला काय बोलू नगंस. आपलंच चुकलं, आता त्याच्याकडं द्याया नको व्हतं."

ज्ञानेशचा राग तेवढ्यानं उतरला. त्यानं पडद्याकडे तोंड केलं आणि जरा हळू आवाजात विचारलं, "मिस्त्री, तुमच्याच हातनं झालं का वो?"

आतून उत्तर आलं. "व्हय."

सहा वर्षांत अंजनानं त्याच्या 'व्हय'चे सगळे आवाज ओळखले होते. भुकेचं, चिडल्याचं, नुसतंच बोलायचं म्हणून बोललेलं. हे तसलं कुठलंच नव्हतं. हळू होतं, विचार करून काढलेलं होतं. तो तिचं खापर स्वतःच्या डोक्यावर घेत होता. एवढी वर्षं नाव त्याला मिळालं, म्हणून आता बदनामीही तोच घेणार होता. म्हणजे पुढं न्हावऱ्यात, चौफुल्यावर, दौंडात लोक म्हणणार, चांगदेवचा हात गेला. आणि ते ऐकत तो इथं पडून राहणार.

ज्ञानेश म्हणत होता, "जाऊ द्या, मावशी. तुमीबी मिस्त्रींना काय बोलू नका. म्हातारपन..."

"गप बसा!" अंजना ओरडली. समोर गेणबानं चहाची किटली खाली ठेवून इकडे बघितलं. "मिस्त्रींच्या हातनं आजवर एकबी पट्टी जळली न्हाई. ह्ये तुमी आईका, आन् फोनवर आण्णा हायत त्येंनीबी आईका."

तिनं पडद्याला हात घातला आणि खस्सदिशी ओढला. जुनीच साडी ती, दोरीसकट खाली आली.

ज्ञानेशनं बघितलं. मशीन, घोडी, बत्ती. आणि त्यापलीकडे खाटेवर एक वाळलेला माणूस, उजवा हात छातीवर आखडून धरलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"कवापास्नं?" त्यानं कसंबसं विचारलं.

"सा वर्सं झाली."

"मग... त्या तीन पट्ट्या?"

"म्या केल्या."

"आन् ही?"

"हीबी म्याच जाळली. तुमचा त्यो हॉर्न वाजला, आन् तुमी आत याल, मला बत्ती धरल्याली बघाल, म्हनून माझं ध्यान उडालं. मिस्त्री वरडत हुते, माझं लक्ष न्हवतं. चूक माझी हाय. सगळं माझं हाय. त्या तीनबी आन् ही एकबी."

बोलली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. सहा वर्षं हे वाक्य ती मनातल्या मनात बोलत आली होती. चांगल्या कामावर बोट ठेवून बोलायचं होतं, आणि बोलली ती जळक्या पट्टीवर हात ठेवून. छातीवरचा धोंडा मात्र उतरला होता.

फोनमध्ये आण्णा "हॅलो, हॅलो, काय म्हन्ती ती बाई?" करत होते. ज्ञानेशनं फोन बंद केला. त्याला कुठं बघावं कळेना. आत जाऊन तो खाटेपाशी वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्यानं म्हणाला, "मिस्त्री, रविवारी लगीन हाय. ह्या पट्टीचं आता काय व्हईल का?"

इतकं होऊनही विचारलं कुणाला, तर खाटेवरच्या माणसाला! अंजनाचा संताप संताप झाला. पण ती काही बोलायच्या आत चांगदेव डोळे वटारून ज्ञानेशकडे बघत होता.

"च्यायला!" तो म्हणाला. आणि डावा हात उचलून त्यानं बोट अंजनाकडे केलं. ज्ञानेशनं मान वळवून तिच्याकडे बघेपर्यंत त्यानं तो खाली घेतला नाही.

ज्ञानेश उभा राहिला. बाहेर आला. या वेळी तिच्यासमोर उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघून त्यानं विचारलं, "व्हईल का, मावशी?"

अंजनाचे पाय सवयीनं पडद्याकडे वळले होते. पडदा जमिनीवर पडला होता. वीस मोजायला जागाच राहिली नव्हती. तिनं पट्टी उचलली, उजेडात धरली आणि एका डोळ्यानं टोकापासून टोकापर्यंत बघितली.

"चार बोटं कापून काढावी लागतील," ती म्हणाली. "माळ्यावर मिस्त्रींनी जपून ठिवलेल्या जुन्या पट्ट्यांची मोळी हाय, त्यात ह्याच घडणीचा तुकडा हाय, माझ्या ठावकी हाय. रांजणगावला माझा भाचा नागसेन वेल्डिंग करतो, जोड त्याच्याकडनं घीन. मग राहिलेला चेप काढीन, घाशीन. जोड दिसणार न्हाई. दिसला तर पट्टी माझ्या तोंडावर फेका."

"मिस्त्री म्हण..." ज्ञानेश सवयीनं बोलायला गेला आणि जीभ चावून थांबला. "कवा येऊ?"

"गुरुवारी," अंजना म्हणाली. तिनं तोंडाला फडका बांधला आणि मशीनचं बटण दाबलं. त्या आवाजावरही ऐकू जाईल अशी ती पाठमोरीच ओरडली, "आन् येताना हॉर्न वाजवू नका!"